रुंद महामार्ग होऊ द्या. जुना किनारी रस्ता आणि फेरीबोटी सायकलींसाठी राखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कोकणातल्या रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे रुंदीकरण आणि त्यावरील नियोजित खाडीपूल यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येत असतात. त्या चर्चेत एक प्रश्न कुठेच दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पूल आणि रुंद रस्ता झाल्यावर मोटारींची मोठी वाहतूक तिकडे वळेल, हे उघड आहे. मग वाड्यावाड्यांतून आणि खाजणाच्या कडेने जाणारे जुने अरुंद रस्ते, तसेच खाड्यांवरच्या फेरीबोटी, यांचे काय करायचे? माझे म्हणणे असे की, हे रस्ते आणि या बोटी मिळून रेवसपासून रेड्डीपर्यंतचा एक अखंड, क्रमांक दिलेला सायकलमार्ग म्हणून राखावा आणि तो निर्णय पुलांची कामे चालू असतानाच व्हावा.

मुलगी नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडमध्ये राहते. त्यामुळे तिकडचा ‘सी टू सी’ या नावाने प्रसिद्ध असलेला मार्ग जावयांसोबत सायकलने पार करण्याची संधी मला मिळाली आणि हे म्हणणे पक्के झाले. आयरिश समुद्राकाठच्या व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टन येथून निघायचे आणि लेक डिस्ट्रिक्ट, ईडन नदीचे खोरे व पेनाइन डोंगररांग ओलांडून उत्तर समुद्राकाठच्या संडरलँड किंवा टाइनमाउथला पोहोचायचे, असा हा सुमारे २२५ किलोमीटरचा प्रवास आहे. हा मार्ग १९९४ साली सुरू झाला. त्याचा काही भाग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून जातो, उरलेला बहुतांश भाग शेतांमधल्या गावरस्त्यांवरून. हे गावरस्ते कोणी सायकलींसाठी बांधलेले नाहीत. दोन्ही बाजूंना झुडपांची दाट कुंपणे, समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने कडेला थांबावे लागेल एवढीच रुंदी, आणि एक टेकडी उतरली की लगेच दुसरीचा चढ. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे असलेल्या आगरांतल्या रस्त्यांवरून ज्यांनी सायकल हाकली आहे, त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही.

परका वाटला तो पाट्यांचा काटेकोरपणा. निळ्या पाटीवर पांढरी सायकल आणि लाल चौकोनात मार्गाचा क्रमांक, एवढाच मजकूर. पेनाइन ओलांडणाऱ्या भागात हा क्रमांक ७ आहे. वळणाआधी एक पाटी असते आणि वळल्यावर, आपण बरोबर वळलो याची खात्री पटावी म्हणून, थोड्या अंतरावर दुसरी. पाटीसाठी वेगळा खांब नसेल तिथे दिव्याच्या खांबावर किंवा कुंपणाच्या लाकडी दांड्यावर तळहाताएवढा स्टिकर चिकटवलेला असतो. हार्टसाइडचा ५८० मीटर उंचीचा माथा गाठेपर्यंत वाऱ्यापावसात नकाशा उघडण्याची सोय नव्हती आणि गरजही पडली नाही. हा सगळा खटाटोप एका रस्त्याच्या डांबरीकरणाच्या मानाने किती किरकोळ खर्चाचा आहे, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा.

ही व्यवस्था तिथे एका दिवसात किंवा केवळ सरकारी हुकमाने उभी राहिलेली नाही. सायकलप्रवास करणाऱ्यांची संघटना हॅरोगेट येथे १८७८ साली स्थापन झाली. धोक्याच्या उतारांवर सूचनेच्या पाट्या लावणे आणि सदस्यांना आपुलकीने ठेवून घेणाऱ्या खाणावळी हेरून त्यांच्या दारावर संघटनेचे पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावणे, ही कामे तिने मोटारी येण्याच्या आधीपासून केली. पुढे १९७७ साली ब्रिस्टलमधल्या काही नागरिकांनी एक गट स्थापन केला. बंद पडलेल्या ब्रिस्टल-बाथ लोहमार्गावर स्वयंसेवकांचे हात लावून १९८६ पर्यंत त्यांनी पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट पूर्ण केली. त्याच संस्थेला १९९५ साली राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मोठे अनुदान मिळाले आणि २००० साली देशभराच्या सायकलमार्गांचे जाळे रीतसर खुले झाले. आपल्याकडे बंद पडलेले लोहमार्ग नाहीत, तेव्हा त्यांचा तो भाग बाजूला ठेवावा. घेण्यासारखे आहे ते हे की, आधी असलेल्या वाटा शोधून जोडल्या गेल्या आणि नवे बांधकाम अडेल तिथेच केले गेले.

कोकणाशी खरे साम्य आहे ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचे. तिथेही किनारा नदीमुखांनी चिरलेला आहे, रस्ता प्रत्येक मुखाशी खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा छातीवर चढतो. फाल नदीवरची किंग हॅरी नावाची साखळीवर ओढली जाणारी फेरी १८८८ पासून चालू आहे आणि ट्रुरोमार्गे पडणारा वळसा ती वाचवते. पॅडस्टो ते रॉक या छोट्या बोटीत सायकली घेऊन लोक सहज चढतात. आपल्याकडे आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्या नेमके हेच काम करतात. दाभोळच्या जेटीवर ओहोटीच्या वेळी उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो. तिथे सायकल हातात धरून, गाड्यांच्या मधून वाट काढत बोटीवर चढावे लागते. उताराच्या एका कडेला खडबडीत काँक्रीटची हातभर पट्टी आणि आत कठड्याला सायकल बांधायला दोन कड्या, एवढे झाले तरी पुरे. पूल झाल्यावर या बोटी तोट्यात जाऊन बंद पडतील, ही भीती अनाठायी नाही. चारचाकी कमी झाल्या तर लहान होडी ठेवावी, पण सायकलस्वार आणि पायी जाणारे यांच्यासाठी फेरी चालू राहिली पाहिजे.

पुलांबाबत दुसरे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडमधल्या, १९८१ साली खुल्या झालेल्या हंबर पुलाचा मुख्य गाळा १४१० मीटरचा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पायी व सायकलने जाण्यासाठी वेगळी वाट मूळ रचनेतच दिलेली आहे. देशाच्या पूर्व भागातून जाणारा क्रमांक १ चा सायकलमार्ग आज याच पुलावरून जातो. आपल्या खाडीपुलांचे आराखडे करणाऱ्यांनी कठड्याआडची अशी स्वतंत्र पट्टी आजच धरावी, कारण पूल उभा राहिल्यावर ती जोडणे जवळजवळ अशक्य असते.

इंग्लंडमध्ये सारेच आलबेल आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जाळे झपाट्याने वाढवताना वर्दळीच्या रस्त्यांचेही तुकडे त्यात घेतले गेले होते. शेवटी २०२० साली ब्रिस्टलच्या त्याच संस्थेने जाळ्याचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग असुरक्षित मानून राष्ट्रीय मार्गांच्या यादीतून वगळला. आपल्याकडे उत्साहाच्या भरात महामार्गाच्या कडेला पांढरी रेघ मारून तिला सायकलमार्ग म्हणण्याचा मोह होईल, त्याला आताच विरोध केला पाहिजे. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या ज्या वेगाने येतात, त्यांच्या शेजारून रेघेच्या भरवशावर लेकराला सायकल चालवू देणारा बाप मला तरी माहीत नाही.

‘एवढे करून येणार कोण?’ हा प्रश्न विचारला जाईलच. दापोली-चिपळूणकडची सायकलप्रेमी मंडळी आजही या वाटांवर फिरतात आणि पुण्या-मुंबईहूनही हिवाळ्यात गट येतात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्गाचा उपयोग केवळ पाहुण्यांना होत नाही. ब्रिस्टल-बाथच्या वाटेवर रोज कामाला जाणाऱ्यांची गर्दी असते. तसाच आपला मार्ग शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलींना आणि बाजाराला जाणाऱ्या मासेविक्रेत्या बायकांना उपयोगी पडेल. पाहुण्याचे म्हणाल, तर मोटारीतला पर्यटक दोन वाड्यांमधले अंतर काचेआडून पार करतो, सायकलवाल्याला मात्र दर तासाला पाणी, सरबत, घावणे आणि पंक्चर काढणारा लागतो. त्याचा पैसा वाटेवरच्या प्रत्येक वाडीत पडतो. त्यासाठी निवास-न्याहारी चालवणाऱ्या घरांनी एका रात्रीसाठी एकट्या माणसाला ठेवून घ्यावे, सायकल पडवीत कुलपात ठेवू द्यावी आणि न्याहारी उजाडताच द्यावी. या गोष्टी अवघड नाहीत.

दिशेचाही विचार व्हावा. ‘सी टू सी’ बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण तिकडचा प्रमुख वारा पश्चिमेचा आहे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो, म्हणून पाट्या आणि नकाशे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला सोयीचे करावेत. पावसाळ्यात बोटी आणि घाट या दोहोंचा भरवसा नसल्याने मार्गाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा स्पष्ट जाहीर करावा. रेल्वेचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. इंग्लंडमधल्या अनेक गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवता येते. आपल्याकडे ती पार्सल म्हणून द्यावी लागते. तूर्त एवढेच नोंदवतो.

संपूर्ण किनाऱ्याचा मार्ग एकदम होणार नाही, हे मला मान्य आहे. सुरुवात धोपाव्याच्या जेटीपासून करावी. तिथून अंजनवेल, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि जयगडच्या बोटीने पलीकडे मालगुंड, गणपतीपुळे व आरे-वारेमार्गे रत्नागिरी, एवढा एकच टप्पा येत्या हंगामापूर्वी नमुना म्हणून आखता येईल. लागतील त्या पाट्या, दोन्ही जेट्यांवर मराठीत लावलेले बोटींचे वेळापत्रक, आणि वाटेवरच्या प्रत्येक गावात पाणी, मुक्काम व दुरुस्ती कुठे मिळते ते दाखवणारा एक नकाशा. या गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावेत, आणि आपल्या दैनिकाने त्यांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी