ढलपी उडाली म्हणून सागवान टाकू नका

महोदय,

गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, तेव्हा खोलीच्या दाराची एक फळी मी सोबत आणली. जुना साग, सव्वा इंच जाड. यंदा गणपतीसाठी तिचाच चौरंग करायला घेतला. वडील गोदीत सुतार होते. त्यांची हत्यारे माझ्याकडे आहेत आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी ती वापरतेही.

वेळ वाचावा म्हणून फळी एका ठिकाणी मशीनच्या रंध्याखाली दिली. परत आली ती गाठीशेजारी लाकडाची रेषा ४ इंच उपटलेली. एक ढलपी अर्धवट चिकटून उभी, दुसरी गायब. ‘लांबी (पुट्टी) भरा, वर सनमायका मारा, कोणाला कळणार?’ असा सल्ला मिळाला. ज्या दाराला आई दर दिवाळीत तेलाचा हात फिरवायची, ते सनमायकाखाली गाडायचे? मला फार वाईट वाटले.

लाकडात काहीच खोट नव्हती. गाठीभोवती रेषा वळसा घेतात. पाते उलट्या बाजूने आले की त्या कापल्या जाण्याआधीच फाटून वर येतात. म्हणून आधी फळीची कड पाहायची आणि रेषा ज्या दिशेने वर चढतात, त्या दिशेने रंधा चालवायचा. गाठीपाशी रंध्याची दिशा बदलावी लागते. शिवाय सागात सिलिका असते, तिने धार लवकर जाते. एवढ्याशा कामात मी पाते तीनदा दगडावर घासले.

उभी ढलपी तोडली नाही. साग तेलकट, म्हणून थिनरच्या बोळ्याने जागा पुसली, ब्लेडच्या टोकाने फेव्हिकॉल आत सरकवला, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर ठोकळा आणि रात्रभर क्लॅम्प. गायब ढलपीच्या जागी थिगळ बसवले, त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, रंग आणि रेषा जुळवून. चौकोनी थिगळ डोळ्यांत खुपते. होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते कापले की रेषांना आडवा छेद जात नाही. ते किंचित उंच ठेवले आणि सुकल्यावर जुन्या करवतीच्या पात्याच्या तुकड्याने खरवडून सपाट केले. तिथे रंधा पुन्हा लावलाच नाही. भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरणे सोपे, पण वाळलेला गोंद पॉलिश पीत नाही, डाग कायमचा राहतो.

दोन संध्याकाळी लागल्या, एवढेच.

गिरगाव, लालबाग, परळ भागात जुन्या चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांची दारे, खिडक्या, कठडे भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत आहेत. रहिवाशांना माझी कळकळीची विनंती आहे की, निदान एक फळी तरी ठेवून घ्या. मशीनवर देण्याआधी खिळे काढा, गाठी दाखवा, आणि शेवटचा सूतभर जाडपणा हाताच्या रंध्यासाठी राखायला सांगा. सुतारबंधूंनाही सांगणे आहे: लांबीचा डबा उघडण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा विचारा, थिगळ बसवू का? ज्यांचे ते दार होते, ते थिगळाची मजुरी आनंदाने देतील. मी तर नक्की दिली असती.

— एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई