पिवळी अंगठी, हिरवी अंगठी

नाशिक

प्रिय मिलिंद,

दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगचा ‘नार्निया’ चित्रपट येतोय हे तुला एव्हाना कळलंच असेल. पण तिने सात पुस्तकांतलं कोणतं उचललंय ते पाहिलंस का? ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’! म्हणजे कपाटातून नार्नियाच्या जादूई जगात जायची, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट नव्हे, तर ते कपाट ज्या झाडाच्या लाकडाचं, त्या झाडाच्याही आधीची. सी. एस. लुईसचं हे पुस्तक १९५५ साली, सहावं म्हणून आलं. घटनाक्रमाने मात्र पहिलं. २००५, २००८ आणि २०१० च्या चित्रपटांपैकी कोणीच याला हात लावला नव्हता. त्यामुळे मुलांना आधी काही दाखवायची गरज नाही. न दाखवलेलंच बरं, चेटकीण कोण हे आधीच फुटतं.

पुस्तक मात्र वाचून दाखव, आणि त्यातल्या जादूच्या अंगठ्यांचा नियम पक्का करून घे, पुढे सगळं त्यावर चालतं. पिवळी अंगठी नुसती बोटाला लागली की माणूस थेट जगांच्या मधल्या रानात. तिथलं प्रत्येक डबकं म्हणजे एकेक जग. हिरवी घालून डबक्यात उडी मारायची, परत रानात यायला पुन्हा पिवळी. अंगठ्या बनवणाऱ्या अँड्र्यूमामाला वाटतं पिवळी जायची आणि हिरवी यायची. तिथेच त्याचं चुकतं. सगळी डबकी सारखीच दिसतात, म्हणून गोष्टीतली मुलं, डिगरी आणि पॉली, आपल्या डबक्याकाठी गवताचा पट्टा कापून खूण करतात. आणि मुळात ती या फंदात पडतात ती माळ्यावरून. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसारखी भिंतीला भिंत लागलेली घरं, वासे मोजत पलीकडच्या रिकाम्या घरात निघायचा बेत, हिशेब चुकतो आणि निघतात ती मामाच्या खोलीत.

मला खरी उत्सुकता आहे ती नार्निया जन्मतो त्या प्रसंगाची. मिट्ट काळोख, मग गाणं, मग तारे, सूर्य, गवत, आणि जमिनीला फुगवटे येऊन त्यांतून बाहेर पडणारे प्राणी. संगणकावर हे सगळं होतं, म्हणूनच ते पाहून कोणी दचकत नाही. पण हीच गर्विग ‘बार्बी’त आकाश आणि डोंगर पडद्यावर हाताने रंगवून घेते, प्रवासाची दृश्यं नाटकासारखे पुढे-मागे सरकणारे देखावे लावून करते. तिने इथेही तोच हट्ट धरला तर मजा आहे. धाकधूक एकच, ते गाणं गाणाऱ्या अस्लान सिंहाची. प्राण्याच्या तोंडी माणसाचे ओठ बसवले की नजर ओठांवरच खिळते आणि त्याचा दरारा संपतो.

कॅमेऱ्यासमोरची करामत म्हणजे काय हे मुलांना आधी कळायला हवं, आणि त्यासाठी आपले त्र्यंबकचे फाळके आहेतच. ‘कालिया मर्दन’, १९१९, इथल्याच हिंदुस्थान कंपनीचा; कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे भाव आहेत, ते चुकवू नकोस. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर वेग ०.७५ वर कर. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण सेकंदाला २४ फ्रेमने (म्हणजे २४ चित्रांनी) दाखवलं की असं होतं. त्या काळी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं तर अर्धं भिंग काळ्या कागदाने झाकायचं, हँडलच्या फेऱ्या मोजायच्या (एका फेरीत आठ फ्रेम), फिल्म तेवढीच मागे घ्यायची आणि दुसरा अर्धा भाग उघडायचा. मोजणीत एक फेरी चुकली की सगळं मुसळ केरात.

मग मुलांकडून अंगठीला बोट लावताच गायब व्हायची जादू करून घे. मोबाइल ट्रायपॉडवर, पडदे ओढलेले, पंखा बंद. मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड लॉक होतो. हे विसरलास तर मूल बाजूला होताच चित्र एकदम उजळतं किंवा काळवंडतं आणि चोरी पकडली जाते. ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची. रेकॉर्डिंग मध्ये थांबवायचं नाही, बटण दाबताना मोबाइल हलतो. एकाने अंगठीला बोट लावलं की तू ‘स्टॅच्यू’ ओरडायचं. अंगठीवाला चौकटीबाहेर जाईल, बाकीचे श्वास रोखून तसेच. मग ‘चालू’. नंतर मधला तुकडा कापून टाक. उरलेल्यांची मान जराशी जरी वळली तरी जोड दिसतो, म्हणून पहिल्यांदा दोघांवरच कर. सावली फरशीवर पडत असेल तर कापल्यावर ती नाहीशी होताना फार छान दिसते, भिंतीवर पडली तर उगाच डोळ्यात भरते. जोडावर टिचकीचा आवाज टाक.

चित्रपट आधी थिएटरात आहे, नेटफ्लिक्स नंतर. वाट बघत बसू नकोस, तो काळोख घरच्या टीव्हीवर जमायचा नाही. मुलांना घेऊन नाशिकलाच ये. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारकही त्यांना दाखवता येईल. ट्रायपॉड माझ्याकडे आहे, पिवळी अंगठी तेवढी तू आण. हिरवी बांगडीवाल्याकडे मिळते.

तुझा,
श्रीकांत