पत्रक तुमच्याच पेपरातून पडलं

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमचा पेपर उघडला आणि आतून एक गुलाबी पत्रक घरंगळत चहाच्या कपाशेजारी पडलं. संमोहनाने टेन्शन, भीती, झोप न लागणं, दारू, तंबाखू, मुलांचा अभ्यास, नवरा-बायकोची भांडणं, सगळं तीन दिवसांत मुळापासून बंद, शंभर टक्के गॅरंटी, आगाऊ पैसे भरणाऱ्याला सवलत. आता पत्रक तुम्ही छापलं नाही हे मला कळतं, ते लाईनवाले आत घालतात, पण घरात ते तुमच्या पेपरातूनच येतं ना. माझी आई ८१ वर्षांची, ती म्हणाली पेपरात आलंय म्हणजे काहीतरी तथ्य असणार. म्हणून हे पत्र. लांबेल, कापायचं तर कापा.

मी चिपळूणचा, बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलंय, त्यामुळे पाणी किती आलं वगैरे परत सांगत नाही. एकच सांगतो, भिजलेली वही फुगते. कोरोनामुळे शाळा बंद, दोन सीझनचा माल पडून होता, तो आतल्या आत एवढा फुगला की पाणी उतरल्यावर शटर उघडेचना, शेवटी गॅस कटरने कापावं लागलं. आतून जो लगदा बाहेर काढला त्याचा वास अजून कधीकधी नाकात येतो.

दुकान दिवाळीपर्यंत कर्ज काढून उभं केलं. माझं काहीतरी बिनसलंय हे मात्र कळायला पुढचा जून उजाडला. रात्री पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की छातीत धडधड सुरू, पोटात पिळवटायचं, हातपाय गार. मग उठायचं, टॉर्च घेऊन नदीकडे जाऊन यायचं, मोबाईलवर कोयना धरणाच्या पाण्याचे आकडे बघायचे, भरती किती वाजता आहे ते बघायचं, कारण भरतीच्या वेळी वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बायको म्हणायची, अहो झोपा, तुम्ही जागे राहिल्याने पाणी थांबणार आहे का. बरोबरच होतं तिचं, पण बरोबर असून उपयोग काय, धडधड ऐकते थोडीच. दिवसा गिऱ्हाईकावर ओरडायचो, एकदा एका लहान मुलीवर पेन्सिल परत करायला आली म्हणून ओरडलो, तिचं तोंड अजून डोळ्यासमोर येतं.

आईने गावाला नेलं, गुहागर तालुक्यात आमचं मूळ गाव. देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, या लेकराच्या मनात जी भीती घर करून बसली हाय ती दूर कर रे म्हाराजा, आणि मागे सगळे व्हय म्हाराजा. श्रद्धा ज्याची त्याच्याजवळ, मी फार देवभोळा नाही, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी खांदे खाली आले. गार फरशी, एका सुरात चाललेलं बोलणं, आणि दहा-बारा माणसं तुमच्या त्रासाला एकत्र हुंकार देतायत. पुढे सगळं कळल्यावर वाटलं, पत्रकवाला जे विकतो त्यातलं बरंचसं गुरव एका नारळात देत होता.

मग २०२३ मध्ये भाच्याच्या सांगण्यावरून एका मोठ्या शहरात अशाच एका संमोहन शिबिराला गेलो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, गाद्या घातलेल्या, मंद संगीत. डोळे मिटा, पापण्या जड होतायत, मी दहापासून उलटे आकडे मोजतोय, प्रत्येक आकड्याला तुम्ही आणखी खोल जाताय. मला वाटलेलं शुद्ध जाईल, पण तसं काही नाही, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न स्पष्ट ऐकू येत होता, शेजारचा घोरत होता ते पण. फक्त अंग सैल पडलं आणि उठावंसं वाटेना. छान वाटलं, अगदी खरं सांगतो. घरी आल्यावर दोन रात्री गाढ झोपलो. तिसऱ्या रात्री पाऊस आला आणि मी परत पुलावर. फोन केला तर ते शिबिरवाले गृहस्थ म्हणाले, तुम्ही मागच्या जन्मी बुडून मेला आहात, त्याचं वेगळं पॅकेज आहे. अहो मागचा जन्म कशाला, याच जन्मी माझं दुकान बुडालं की, पंचनाम्याचा कागद आहे माझ्याकडे.

पैसे गेले ते गेले. पण त्या दोन रात्रींची झोप खरी होती हे डोक्यातून जाईना. शेवटी सरकारी दवाखान्यात मनोविकार ओपीडीला गेलो. जायला लाज वाटत होती, कारण आमच्याकडे कोणी जरा विचित्र वागला की याला रत्नागिरीला न्या म्हणायची पद्धत आहे, तिथे मनोरुग्णालय आहे ना. डॉक्टरांनी काही महिने कमी पॉवरची गोळी दिली आणि समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली ती मला पटली. म्हणाल्या, तुमच्या मनाला समजावून उपयोग नाही, ते शहाणंच आहे, घाबरलंय ते शरीर, आणि शरीराला शब्द कळत नाहीत, त्याला स्नायू आणि श्वास कळतो. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पळायची तयारी. तुमचं शरीर पावसाच्या आवाजाला पूर समजून रोज रात्री पळायची तयारी करतंय.

त्यांनी जे शिकवलं ते एवढं साधं आहे की पहिल्यांदा मला फसवल्यासारखंच वाटलं. उताणं पडायचं. उजवी मूठ पाचेक सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडून द्यायची, आणि सुटल्यावर हात कसा जड, कोमट वाटतो तिकडे अर्धा मिनिट नुसतं लक्ष द्यायचं. मग डावी, मग दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. पोटऱ्या जपून, नाहीतर गोळा येतो आणि मग कसलं रिलॅक्सेशन, बोंबलत उठावं लागतं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. हे एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बसवलं, त्याचं पुस्तक १९२९ सालचं. त्याचं म्हणणं, स्नायू पूर्ण सैल असताना मनातली भीती तग धरत नाही. आपल्या शवासनाच्या जवळचंच हे, फक्त आधी आवळायचं असल्याने माझ्यासारख्या माणसाला, ज्याला आपला जबडा दिवसभर आवळलेला असतो हेच माहीत नव्हतं, त्याला सैल म्हणजे काय ते कळतं. सोबत श्वास, आत घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, मी चार आकडे घेतो आणि सहा-सात सोडतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात, मनगटावर बोट ठेवून बघा, अनेकांना कळतं.

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. डास, खाज, दुकानातली उधारी, सगळं त्याच वीस मिनिटांत आठवायचं, दोनदा तर उलटी जास्तच धडधड झाली. मॅडम म्हणाल्या असं काहींना होतं, डोळे उघडे ठेवा, कमी वेळ करा. आणि एक दम दिला, भीती वाटल्यावर करायला जाऊ नका, दुपारी दुकान बंद असताना करा, रोज. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. ही गोष्ट कुठल्याच पत्रकात नसते, कारण रोज दुपारी वीस मिनिटं दोन महिने याची जाहिरात कशी करणार.

पुढची पायरी ऐकून बायको हसली होती. मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचा, अगदी हळू, आणि अंग सैल ठेवून ऐकायचा. जमला की आवाज थोडा वाढवायचा. ऐन एप्रिलच्या उन्हात, बाहेर फणस पिकतायत आणि मी आत पंख्याखाली पडून मोबाईलमधला पाऊस ऐकतोय. जोसेफ वोल्पे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९५८ च्या पुस्तकात ही पद्धत मांडली, जेकबसनचंच सैल होणं थोडक्यात घेऊन त्याला भीतीची पायरी पायरी जोडली. शेवटी मी आवाज फुल करून पत्र्याखाली बसलो तेव्हा जून लागला होता.

आता संमोहनाबद्दल, कारण मला ते सगळंच थोतांड आहे असं म्हणायचं नाहीये, तेही खोटं होईल. हिप्नॉटिझम हा शब्द रुजवला मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड नावाच्या सर्जनने, १८४३ मध्ये. ग्रीक लोकांच्या झोपेच्या देवावरून नाव, पण ही झोप नाही हे त्यालाच पुढे कळलं, त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला तोवर जुनं चिकटलेलं. त्याच सुमारास आपल्याच देशात, बंगालमध्ये हुगळीला, जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर १८४५ पासून याच जातीच्या मेस्मेरिझमने लोकांना शांत करून मोठमोठी ऑपरेशन करत होता, तेव्हा क्लोरोफॉर्म आलेला नव्हता. ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकेतल्या संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाला उपचारातली जागा मान्य केली. दुखणं कमी करायला, पोटाच्या त्या सारख्या कुरकुर करणाऱ्या आजारात, ऑपरेशनआधीच्या भीतीत त्याचा उपयोग होतो. पण ते म्हणजे फक्त एका गोष्टीवर इतकं लक्ष लागणं की बाकीचं मागे पडतं आणि सूचना मनाला चटकन लागते. आमच्याकडे नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, बघताना त्यातला संकासूर आला की माणसं पहाटेपर्यंत मांडी न मोडता बसतात, पाय बधिर झाल्याचं उठताना कळतं, ते त्याच्याच घरातलं. काही माणसं पटकन त्यात जातात, काही अजिबात जात नाहीत, त्यात कोणाची इच्छाशक्ती कमी-जास्त असं काही नसतं. म्हणून गॅरंटी देणारा एकतर अडाणी किंवा लबाड.

आणि मागच्या जन्माचं सांगतो, ते नुसतं विनोदी नाही. त्या अवस्थेत माणूस सुचवलेली गोष्ट आठवण म्हणून धरून बसू शकतो आणि ती खरीच घडली असं छातीठोक सांगतो. मी ऐकून हसलो कारण माझ्याकडे पंचनामा होता. एखाद्या वीस वर्षांच्या मुलीला कोणी असं काहीतरी घरातल्या माणसाबद्दल सुचवलं तर? ज्याला भास होतात, आवाज ऐकू येतात, त्याला तर अशा शिबिरात नेऊच नये, आधी डॉक्टर.

माझी मागणी मोठी नाही. एक, लाईनवाल्यांना सांगून पत्रकं आत घालताना निदान गॅरंटीवाली बाजूला काढायला लावा, जादूई उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, हे पत्रक त्यात बसतं का ते वकिलाला विचारा. दुसरं म्हणजे पुरवणीत एखाद्या शिकलेल्या माणसाकडून हे सैल होण्याचं नीट लिहून घ्या. आमच्याकडे ऐकणारे खूप आहेत, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी बसलेला खलाशी, घाटात रात्रपाळी करणारा एसटीचा ड्रायव्हर, मोहोर गळाला की बँकेचा फोन घ्यायला घाबरणारा बागायतदार, मुलं मुंबईला आणि एवढ्या मोठ्या घरात एकटी राहणारी म्हातारी. यांनी तीन दिवस हॉलमध्ये जाऊन झोपायला पैसे का द्यायचे? आरोग्य केंद्रात आशाताईंना शिकवलं तर वाडीवाडीत पोचेल. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर पहिल्या पानावर छापा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मरावंसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर मुठी आवळत बसू नका, त्याच क्षणी फोन करा नाहीतर कोणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

मी पूर्ण बरा झालो असं लिहीत नाही. पाऊस जोराचा असला की अजून जाग येते, कोयनेचा आकडा एकदा बघतो, एकदाच, आणि परत पडतो. माल मात्र दर वर्षी १५ जुलैच्या आत माळ्यावर चढवतो. भाचा म्हणाला मामा अजून घाबरतोस, मी म्हटलं अरे ही भीती नाही, हा हिशोब आहे.

ते गुलाबी पत्रक सोबत पाठवतोय. मागच्या कोऱ्या बाजूवर आईने दुधाचा हिशोब लिहिलाय, तो तेवढा बघू नका.

आपला,
एक दुकानदार, चिपळूण