फोम पॅड वेल्क्रोपासून सुटल्याबाबत आणि चुकीच्या माहितीपत्रकाबाबत तक्रार

दि. ४ ऑगस्ट २०२५
कुर्टी, फोंडा, गोवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : साडेपाच इंची फोम पॉलिशिंग पॅडचा सदोष संच, त्यामुळे झालेलं नुकसान आणि पाकिटातलं धुण्याचं पत्रक

महोदय,

२१ जून रोजी मी तुमच्याकडून गाड्या पॉलिश करायच्या मशीनला लावायच्या बारा फोम पॅडांचा संच मागवला. चार कटिंग, चार पॉलिशिंग, चार फिनिशिंग. ४,३२० रुपये आगाऊ भरले. त्यांतल्या पाच पॅडांचा फोम वेल्क्रोपासून सुटला आहे, आणि त्यातला एक चालू मशीनवर, गिऱ्हाइकाच्या गाडीवर असताना सुटला. फोटोंसह ईमेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं : पॅड चुकीच्या पद्धतीनं धुतल्यामुळे असं होतं, पॅड हा झिजणारा माल आहे, वॉरंटी लागू नाही. हे उत्तर मला मान्य नाही.

घराशेजारच्या शेडमध्ये मी एकटा गाड्यांचं पॉलिशिंग करतो. यंदा या कामाला अकरा वर्षं झाली. हाताखाली भाचा असतो, तोही सुट्टीपुरता. माझ्याकडे दुसऱ्या बनावटीचे पॅड आहेत, दोन वर्षं वापरात असलेले. कडा झिजल्या, मधला भाग बसत आला, पण वेल्क्रो एकाचाही सुटलेला नाही. त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, त्याच हातानं वापरलेले आणि धुतलेले.

काळजी मी कशी घेतो तेही सांगतो, कारण तुमच्या उत्तरात दोष माझ्यावर टाकला आहे. मशीन डीए, म्हणजे पॅड गोल फिरवत फिरवत हलवणारं, १५ मिलिमीटर थ्रोचं (हलण्याचा पल्ला). बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड ज्या चकतीला वेल्क्रोनं चिकटतो तिच्यावर, मार्करनं एक रेघ मारून ठेवली आहे. रेघ फिरत असते तोवर दाब बरोबर, फिरायची थांबली की हात हलका करायचा. पॅड प्लेटच्या बरोब्बर मध्यावर बसवायचा. प्रत्येक भाग झाला की फिरता पॅड मायक्रोफायबरच्या फडक्यावर टेकवून त्यातलं वापरलेलं पॉलिश आणि निघालेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) काढायचा. तसं नाही केलं तर फोमची छिद्रं बुजतात, पॅड तापतो, आणि तीच घाण रंगावर घासून धूसर जाळं उठतं. उसगावच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांवर तांबडी धूळ इतकी बसलेली असते की आधी धुऊन, रुतलेली घाण ओढून काढणारी क्ले (चिकट माती) मारल्याशिवाय मी पॅड लावतच नाही. कंपाऊंडचा, म्हणजे जाड पॉलिशचा पॅड फिनिशिंगला कधी वापरत नाही, आणि एका गाडीला एकाच पॅडवर भागवत नाही. पॅड गरम लागला की काढून ठेवतो, दुसरा लावतो.

आता २६ जुलैचं. आमच्या वाड्यावरच्या मास्तरांची काळी गाडी. गणेश चवथ २७ ऑगस्टला, त्याआधी गाडी चकचकीत करून द्या म्हणून त्यांनी मुद्दाम लवकर आणून दिली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, शेडमध्ये ऊन नव्हतं. तुमचा पॉलिशिंग पॅड नवा, पाकिटातून त्याच सकाळी काढलेला. पाण्याचा थेंब त्याला लागला नव्हता. मशीनचा वेग सहापैकी चारवर. डावा मडगार्ड झाला, बोनेटवर आलो. दुसऱ्या फेरीला आवाज बदलला, हाताला एक झटका बसला, आणि मी बटण सोडेपर्यंत फोम एका बाजूनं लोंबत होता. प्लेटच्या वेल्क्रोचे काटे रंगाला लागले. बोटाएवढा, चंद्रकोरीसारखा ओरखडा. २००० आणि मग ३००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासलं, कंपाऊंड मारलं, तरी ओरखड्याचा तळ गेला नाही. मीटरवर रंगाची जाडी ११० मायक्रॉनवरून ९२ वर आली तेव्हा थांबलो. त्याच्या खाली जायचं म्हणजे मास्तरांच्या गाडीशी खेळ झाला असता. बोनेट रंगवून घेतला, ५,५०० रुपये माझ्या खिशातून गेले. मास्तर एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

तो पॅड उलटा करून पाहिला. फोम शाबूत होता, कुठं फाटला नव्हता. गोंद मात्र पिवळट पापुद्र्यासारखा सगळाच्या सगळा वेल्क्रोकडे राहिला होता. फोमला तो धरलाच नव्हता. म्हणून त्याच दिवशी दुसऱ्या न वापरलेल्या पॅडची कड नखानं उचलून बघितली. दोन इंच सहज सुटली. हे दोन्ही पॅड कधी धुतलेलेच नाहीत, तेव्हा धुण्यात चूक झाली हे उत्तर यांना कसं लागू पडतं, ते लिहून कळवा.

तिसरा मी स्वतः धुतला होता : कोमट पाणी, सौम्य साबण, तळव्यानं दाबून दाबून, पिळायचं नाही. उरलेले दोन भाच्यानं धुतले, तुमच्या पाकिटातल्या पत्रकाप्रमाणे. त्यात छापलंय की पॅड वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि फोम वर करून उन्हात वाळवा. चित्रही तसंच आहे. अहो, गरम पाण्यानं गोंद मऊ पडतो. फोम वर ठेवला की आतलं पाणी खाली उतरून नेमकं गोंदावर साचतं. उन्हानं फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. पॅड वाळवायचा तो फोम खाली आणि वेल्क्रो वर ठेवून, सावलीत, जाळीवर. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पंख्याखाली दोन दिवस लागतात. ओलसर पॅड पिशवीत बंद केला तर बुरशी धरते. पोरानं पत्रक वाचून, मन लावून काम केलं. त्या दोन पॅडांचा दोष मी त्याच्यावर येऊ देणार नाही. नवीन माणूस पत्रकावरच विश्वास ठेवतो.

आणखी एक. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, माल बनवल्याचा महिना-वर्षही नाही. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ते छापणं बंधनकारक आहे. लॉट कुठला हे मला कळत नाही ते त्यामुळेच.

माझी मागणी अशी : बाराही पॅडांचे ४,३२० रुपये परत करावेत, कारण उरलेल्या सातांपैकी एकही मी आता दुसऱ्याच्या गाडीला लावू शकत नाही. बोनेटच्या रंगाचे ५,५०० रुपये द्यावेत. पेंटरची पावती जोडली आहे. ते पत्रक ताबडतोब मागे घ्यावं आणि ज्यांनी हा संच घेतलाय त्या सगळ्यांना कळवावं. चवथीपूर्वी गोव्यात प्रत्येक शेडमध्ये मशीन चालू असतं, आणखी कुणाच्या तरी बोनेटवर हे होण्याआधी कळवा. बदली पॅड पाठवू नयेत, मला नको आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून हात झटकू नका. स्वतःच्या हातानं पोट भरणाऱ्यानं त्याच कामासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यालाही ग्राहकच मानतो.

सुटलेले पाचही पॅड, न फोडलेली पाकिटं आणि पत्रक मी डब्यात जपून ठेवलं आहे. तुमचा माणूस पाहायला येणार असेल तर रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी दहानंतर यावा. त्याच्यासमोर कड उचलून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, पेंटरची पावती, पॅडांचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत