पोर्ट लुईच्या टॅक्सीवाल्या काकांना, गिरगावातून

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परत आल्याबरोबर तुम्हांला एक पत्र टपालाने पाठवले आहे. त्यात घरच्या गोष्टी आहेत. हे दुसरे पत्र मात्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुम्ही आम्हां मायलेकींसाठी जे केलेत ते आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांपुरते ठेवणे मला योग्य वाटत नाही, आणि मॉरिशसच्या सहलीचे पैसे भरून बसलेल्या मुंबईकरांपैकी काहींनी तरी ते निघण्यापूर्वी वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे नाव मी लिहिलेले नाही. विमानतळावर निरोप घेताना तुम्ही तसे बजावले होते.

आपली गाठ कशी पडली हे वाचणाऱ्यांना आधी सांगायला हवे. आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांच्यामार्फत सहल ठरवली होती त्यांची गाडी आम्हांला पोर्ट लुईच्या कोदाँ धक्क्यावर उतरवून गेली ती परत आलीच नाही. फोन कोणी उचलेना. आईचे वय ७१, मधुमेह जुना, जेवणाची वेळ टळून गेलेली आणि ऊन मुंबईच्या ऑक्टोबरसारखे. "अगं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," एवढेच म्हणून ती बाकावर बसली. जवळच टॅक्सीला टेकून उभे असलेले तुम्ही त्या एका वाक्यासरशी वळलात, "ताई, साखर उतरली काय?" असे मराठीत विचारलेत, आणि उत्तराची वाट न पाहता बाजाराकडे धावलात. परत आलात तेव्हा तुमच्या एका हातात अलूदाचा पेला होता आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली दाल पुरी. थंड दूध, भिजलेला सब्जा आणि गोड सरबत यांचा तो अलूदा म्हणजे आपल्या फालुद्याचाच भाऊ. आईने तो घोटाघोटाने संपवला आणि पंधरा-वीस मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. दाल पुऱ्या दोन होत्या, तेव्हा एक तुमच्यासाठी असेल असे समजून मी ती पुढे केली, तर तुम्ही म्हणालात की इथे दाल पुरी जोडीनेच विकतात, एकटी कोणी मागत नाही. ही साधी गोष्ट आई आता भेटेल त्याला सांगते.

त्यानंतरचे तीन दिवस तुम्ही आम्हांला फिरवलेत. पैशांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही भाड्याचे होतील तेवढेच घेतलेत. वेळेचे, थांबण्याचे आणि आईला हात धरून चढवण्या-उतरवण्याचे काही घेतले नाहीत. पण माझे खरे आभार पैशांसाठी नाहीत. आम्ही समुद्र पाहायला आलो होतो, आणि तुम्ही त्या पहिल्याच दुपारी आम्हांला म्हणालात, "समुद्र उद्या. तो कुठे जात नाही. आज आधी पायऱ्या बघा."

आप्रवासी घाटाविषयी, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना जिथे उतरवून घेत त्या पोर्ट लुईच्या जुन्या डेपोविषयी, मी वाचलेले होते. २००६ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, हेही मला माहीत होते, कारण मी शाळेत भूगोल शिकवते आणि अशा याद्या आम्हांला पाठ असतात. प्रत्यक्षात ती जागा इतकी लहान असेल असे मात्र वाटले नव्हते. जुन्या डेपोच्या बऱ्याच भागावरून पुढे रस्ता गेला आणि जे वाचले ते अवघे १,६४० चौरस मीटर. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर या बेटावर आले, आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशीच करारावर आणली गेली. डेपो उभा राहिल्यावर येणाऱ्यांना धक्क्यावरच्या या सोळा पायऱ्या चढाव्या लागल्या. गुलामगिरी १८३५ मध्ये उठली, मळ्यांना माणसे हवी होती, आणि इंग्रजांनी ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून नेली. महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार, आणि एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. हे तुम्ही सांगत होता तेव्हा तुमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. या जागेला पूर्वी कुली घाट म्हणत असत हे सांगताना मात्र तुम्ही क्षणभर थांबलात.

आई पायऱ्यांशी खाली वाकली, तळहात दगडावर ठेवून तिने तो हळूहळू फिरवला आणि म्हणाली, "हा तर आमच्या विहिरीचा दगड." माझ्या आजोळी, संगमेश्वरकडे, विहीर बांधलेली आहे ती अशाच काळ्या, बारीक भोके असलेल्या पाषाणात. काका, त्या क्षणी मला जे सुचले ते मी तुम्हांला तिथेच सांगितले होते, तरी इथे पुन्हा लिहिते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या तप्त स्थानावरून लाव्हा वाहून आपले दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडला, त्याच तप्त स्थानावर पुढे गेल्या ८०-९० लाख वर्षांत मॉरिशस बेट घडले, आणि आज ते तप्त स्थान शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे, जिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनचा हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, मी कित्येक वर्षे फळ्यावर काढत आले. त्या जहाजांतून उतरलेल्या रत्नागिरीच्या माणसाने परक्या बेटावर पहिले पाऊल ठेवले ते आपल्याच कुळातल्या दगडावर, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. तुम्ही ते ऐकून काहीच बोलला नाहीत. तुम्हीही वाकलात आणि आईच्या हाताशेजारी हात ठेवलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शब्द पाळलात आणि आम्हांला पश्चिम किनाऱ्यावर नेलेत. फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर ओळीने उभी असलेली सुरूची झाडे पाहून आईला दापोली आठवली. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची कड आहे, लाटा दूर तिथेच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे उभे राहते, म्हणून ७१ वर्षांची बाई गुडघाभर पाण्यात निर्धास्त उभी राहू शकली. तिने अर्धा तास पाय भिजवले. किनाऱ्याविषयी याहून जास्त लिहावे असे मला वाटत नाही. तो सुंदर आहे आणि त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

वाटेत उसाच्या शेतांमधून काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत होते. मी त्यांना टेकाडे समजत होते. तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि सांगितलेत की ऊस लावण्याआधी ही जमीन दगडांनी भरलेली होती, आणि ते दगड हातांनी उचलून असे रचले गेले. त्यानंतर दिवसभर, शेत आले की आई खिडकीतून ढीग शोधू लागली.

ल मोर्नचा सुमारे साडेपाचशे मीटरचा डोंगर तुम्ही आम्हांला पायथ्यापासूनच दाखवलात. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत राहत, आणि गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला १८३५ मध्ये शिपायांची तुकडी वर चढली तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, ही तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली कथा. "ते आमचे नव्हते, आफ्रिका-मादागास्करचे होते," असे म्हणून तुम्ही पुढे जोडलेत, "पण त्यांच्या जागी आम्हांला आणले, म्हणून त्यांना आधी नमस्कार." हे वाक्य मी वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे.

त्याच संध्याकाळी तुमच्या घरी, कास्काव्हेलच्या बाजूला, वहिनींनी आम्हांला जेवायला थांबवले. गणेशचतुर्थीला तुमच्या देशात सरकारी सुट्टी असते आणि तिथले मराठी लोक त्या दिवसांत झाकरी नाचतात, हे वहिनींनी सांगितले तेव्हा आईने लगेच ओळखले की ही कोकणातली जाखडीच. मग दोघींनी मिळून पायांचा ठेका जुळवून पाहिला आणि तो जुळला. तुमच्या घरात क्रिओल बोलतात, मराठी तुम्ही शाळेत शिकलात. "सगळं कोरेक?", म्हणजे सगळं ठीक ना, असे तुम्ही जाता-येता आईला विचारायचात. आता ती सकाळी चहा ठेवताना मला तेच विचारते.

जेवणानंतर तुम्ही कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढलात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांतून मिळवलेला तो तुमच्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा होता: क्रमांक, जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी आणि गाव. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिले होते, आणि अक्षरे लावून वाचले तर ते 'कलमबुष्ट' असे होत होते. इतकी वर्षे ते कोणाला लागले नाही, असे तुम्ही म्हणालात. आईने चष्मा पुसला, तो शब्द दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, आणि म्हणाली, "कळंबस्ते असेल. चिपळूणजवळ आहे." त्यावर तुम्ही खुर्चीवर बसलात आणि पुन्हा पुन्हा "कळंबस्ते" म्हणत राहिलात. वहिनींनी पाण्याचा पेला आणून दिला तरी तुमचे लक्ष नव्हते. याच नावाची गावे आणखीही असू शकतात, शोध घेतल्याशिवाय पक्के म्हणू नये, हे आईने लगेच बजावले होते, आणि मीही ते इथे मुद्दाम लिहिते आहे.

शेवटच्या दिवशी विमानाला वेळ होता म्हणून तुम्ही आम्हांला माहेबूर्गचे संग्रहालय दाखवलेत. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली, ती फ्रेंचांनी जिंकली, पॅरिसच्या विजयकमानीवर तिचे नाव कोरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बेट इंग्रजांकडे गेले. त्या लढाईत जखमी झालेल्या दोन्ही बाजूंच्या सेनानींवर याच घरात उपचार झाले. लाकडी जिन्याचे ते देखणे फ्रेंच घर पाहताना मी खूपच हरखून गेले होते, हे मान्य करते. डच १५९८ मध्ये आले, फ्रेंच १७१५ मध्ये, इंग्रज १८१० मध्ये. त्यांची घरे, पुतळे आणि तोफा नीट जपलेल्या आहेत आणि त्या पाहायलाच हव्यात. पण तुम्ही आम्हांला आधी पायऱ्या, मग दगडांचे ढीग, मग डोंगर आणि सर्वांत शेवटी हे घर दाखवलेत, आणि त्या क्रमामुळे त्या घराच्या भिंती कोणाच्या घामावर उभ्या राहिल्या असतील हा प्रश्न मला तिथे उभ्याउभ्या पडला. हाच क्रम उलटा असता तर मी छायाचित्रे काढून बाहेर पडले असते. तुम्ही लावून दिलेल्या या क्रमासाठी मी तुमची ऋणी आहे. येत्या जूनपासून माझ्या वर्गात दख्खनचा धडा आप्रवासी घाटाच्या पायरीपासून सुरू होईल.

एक गोष्ट मला मुंबईकर म्हणून बोचते आहे. तुमचे पणजोबा ज्या बंदरातून निघाले ते माझे शहर. परत आल्यावर मी दोन रविवार बंदराच्या बाजूने फिरले, कुठे पाटी आहे का, एखादा दगड आहे का, हे पाहिले. मला काही आढळले नाही. तुम्ही मुंबईला आलात तर तुम्हांला दाखवायला माझ्याकडे एवढेच आहे की भाऊच्या धक्क्यावर पहाटे उभे राहिले की मासळीच्या होड्यांपलीकडे उघडे पाणी दिसते. त्या पाण्याकडे आपण मिळून पाहू.

तुमच्या नातीसाठी तुम्ही मागितलेली अंकलिपी पार्सलने पाठवली आहे, सोबत मोठ्या अक्षरांची उजळणीही. आई दिवाळीनंतर मामाबरोबर चिपळूणला जाणार आहे. तुमच्या उताऱ्याची प्रत तिने आत्ताच पिशवीत घालून ठेवली आहे, आणि तलाठ्याकडे काय विचारायचे, गावातल्या कोणत्या जुन्या माणसांना भेटायचे, याची यादी केली आहे. तुमचे आडनाव तिथे कोणाला लागले तर ती तुम्हांला स्वतः फोन करील. नाही लागले तरी गावच्या विहिरीच्या काठाचे छायाचित्र ती काढणार आहे, दगडाची भोके स्पष्ट दिसतील इतक्या जवळून.

वहिनींना आमचा दोघींचा नमस्कार.

आपली कृतज्ञ,
गिरगावची एक शिक्षिका