काम सोडून गेलेल्याचा चेक तू स्वतः नेऊन दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

समोर बोलायला लागलो की तुला फोन येतो, म्हणून खानापूरहून लिहितोय. सुगी आटपत आलीय, संध्याकाळी हात मोकळे असतात.

आपल्या कारखान्यातला व्हीएमसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवरचा, पोरगाही काम सोडून गेला म्हणे. तीन महिन्यांत तिसरा. दोन हजार जास्त मिळाले म्हणून गेला, असं तू म्हणतोस. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन हजार जास्त देणारा शेजारी कायमच होता. मग हा सहा वर्षं का थांबला?

तुझ्या एमबीएच्या पुस्तकातला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचा 1939 चा प्रयोग तूच मला वाचून दाखवला होतास. दहा-अकरा वर्षांची पोरं मुखवटे करतात. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की हात थांबतात. सगळ्यांना विचारून चालणारा गेला तरी काम चालू. तू कॅमेरे बसवून खोलीबाहेर जायचंच बंद केलंस. जेवता जेवता फोन, "मशीन का थांबलंय?" अरे, इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलायला ते थांबवावंच लागतं!

मी काही साधू नव्हतो. बनवलेला भाग गिऱ्हाईकाने नाकारला म्हणून लेथवरच्या एका टर्नरला सगळ्यांदेखत शिवी घातली. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. ड्रॉइंग मीच चुकीचं वाचलं होतं, हे आठवड्याने कळलं. नव्या माणसाचा हात बसायला अख्खा पावसाळा गेला.

त्यानंतर सुगीच्या रजा मी ठरवल्या नाहीत. फळ्यावर डिस्पॅचच्या तारखा लिहायचो, पाळ्या ते लावायचे. येळ्ळूरचे आणि खानापूरचे भांडायचे, पण गाडी वेळेवर सुटायची. आता अ‍ॅपवर नुसतं 'नामंजूर' येतं, तेही इंग्रजीत. बैलहोंगलचा मिस्त्री कन्नड शाळेत शिकलेला. त्याला दुपारी "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) एवढं तरी विचारत जा.

आणि गेलेल्याची ग्रॅच्युइटी अडवू नकोस. वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, 30 दिवसांच्या आत. नोटीस दिली नाही म्हणून त्यातून कापता येत नाही. उरलेले अकरा जण तोच हिशेब बघत बसलेत. चेक तू स्वतः नेऊन दे, का गेलास ते विचार, आणि तो बोलेल तेव्हा वाद घालू नकोस.

रविवारी येतो. तांदळाचं पोतं आणतोय, आईला पिंप रिकामं करून ठेवायला सांग.

तुझा,
बाबा