तळघरासाठी उपसलेले भूजल गटारात कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बावधनमध्ये आमच्या सोसायटीशेजारी दिवाळीपासून एका इमारतीच्या तळघराचे खोदकाम चालू आहे. काळा खडक फोडून खड्डा खोल गेला, तशी त्याच्या भिंतींतून पाण्याची धार लागली आणि तेव्हापासून दोन पंप ते नितळ पाणी रात्रंदिवस पावसाळी गटारात सोडत आहेत. आमची बोअरवेल मार्चमध्ये कोरडी पडली. आता त्याच गटाराच्या कडेने आमच्या फाटकात रोज टँकर येतात.

या संदर्भात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या होपी या आदिवासी समाजाचा अनुभव पुणेकरांनी जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या जेमतेम एकतृतीयांश पाऊस पडणाऱ्या कोरड्या पठारावर हे लोक शेकडो वर्षे मक्याची शेती करत आले आहेत, आणि तीही कालव्याशिवाय, बी खोल ओलीपर्यंत पेरून. मृत पूर्वज ढग होऊन पावसाच्या रूपाने घरी परततात, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे झरा त्यांच्यासाठी पवित्र स्थान असतो आणि त्याची निगा राखणे हे धर्मकर्तव्य ठरते. ‘पाणी हेच जीवन’ या अर्थाचा ‘पातुवाकात्सी’ हा शब्द त्यांच्या भाषेत आहे. मराठीत तर पाण्याचे एक नावच ‘जीवन’ आहे.

या श्रद्धेची कसोटी त्यांच्याच भागातील ब्लॅक मेसा या पठारावर लागली. तेथील खाणीतला कोळसा भुकटी करून, जमिनीखालच्या पिण्यायोग्य पाण्यात कालवून, सुमारे 440 किलोमीटर लांब नळातून नेवाडातील वीजकेंद्राकडे ढकलला जात असे. त्यासाठी 1970 पासून सुमारे 35 वर्षे, वर्षाला 400 कोटी लिटरहून अधिक पाणी उपसले गेले. खाणीच्या करारावर सही होपींच्याच आदिवासी परिषदेने केली होती आणि त्यातून समाजाला उत्पन्नही मिळत होते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झरे आटत चालल्याचे गावकरी सांगत राहिले, कंपनी ते नाकारत राहिली. 2005 अखेर वीजकेंद्र बंद झाले, तेव्हा हा वाहतुकीचा उपसा थांबला. त्यामागे हवेच्या प्रदूषणाचा वाद होता, तसाच होपी आणि शेजारच्या नवाहो लोकांनी पाण्यासाठी धरलेला आग्रहही होता. पुढच्याच वर्षी, मार्च 2006 मध्ये, होपी धावपटू जागतिक जलपरिषदेसाठी आपल्या गावापासून थेट मेक्सिको सिटीपर्यंत धावत गेले.

चांगले पाणी केवळ कोळसा वाहून नेण्यासाठी वापरणे त्यांना असह्य झाले. आपण तर ते काहीही वाहून न नेता फेकून देत आहोत. पुण्याखालचा बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा खडक, सर्वत्र सारखे पाणी धरत नाही. ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, त्यामुळे एका भूखंडावर भेग कापली गेली की शेजारच्या विहिरीला आणि ओढ्याला त्याची झळ पोहोचू शकते. ज्या शहरात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजचे पाणी जमिनीखालच्या नळांनी पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले, त्या शहराला हे समजावून सांगावे लागू नये.

महापालिकेला माझी विनंती आहे, की तळघराच्या खोदकामाला परवानगी देतानाच उपसल्या जाणाऱ्या पाण्यावर मीटर बसवणे सक्तीचे करावे आणि ते पाणी जवळच्या पुनर्भरण विहिरीत, उद्यानांना किंवा बांधकामालाच देण्याची अट घालावी. बावधन आणि पाषाण परिसरातील जिवंत झऱ्यांची नोंद विकास आराखड्याच्या नकाशावर व्हावी आणि त्यांच्या भोवती खोल तळघरांना परवानगी देऊ नये. खड्ड्याचे काँक्रीट झाले की पंप निघून जातील आणि किती पाणी गेले याची नोंद कोठेही राहणार नाही, म्हणून हा नियम येत्या पावसाळ्याआधी व्हावा.

आपली नम्र,
एक वाचक, बावधन, पुणे